खोटा कोपरा

शांतीलालने घमेलंभर रेती दोन फळ्यांमधल्या पोकळीत ओतली, वरून मूठ आपटली आणि लाकडाला कान लावला.

"आते ठोका, मिस्त्री."

सलाउद्दीन मिस्त्रींनी हातोडीच्या दांड्याने फळीवर ठोकलं. सकाळी रिकाम्या डब्यासारखी वाजणारी फळी आता भुईसारखी मुकी झाली होती. शांतीलाल उठला, खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन आला आणि पुन्हा वाकला.

"आखो एक घमेलं लागी."

"टाका," मिस्त्री म्हणाले. मग हातोडी पिशवीत ठेवता ठेवता थांबले. "शांतीभाई, एक इचारू? फळीमांगला दरवाजा कायमना बंद करना शे का?"

"नही हो. लाकूड शे, भीत थोडी शे. लागी तव्हय काढी लेसूत."

मिस्त्रींनी हातोडी पिशवीत टाकली. रेती भरलेलं ते धूड आता चार माणसांनाही हलणार नव्हतं, हे दोघांनाही दिसत होतं.

शांतीलाल बडोद्याला इंजिनीअरिंग शिकत होता, तेव्हा एका प्राध्यापकांच्या बंगल्यावर त्याने एक स्पीकर ऐकला होता. माणसाच्या छातीएवढी उंच लाकडी पेटी, आत घडी घालून बसवलेला भोंगा. आवाज पेटीच्या पाठीमागून निघायचा आणि कोपऱ्याच्या दोन भिंती त्याला पुढे नेत मोठा करायच्या. त्या दिवशी पखवाजाची थाप त्याला कानांच्या आधी तळपायांना ऐकू आली होती. पुढे वडील वारले, शिक्षण अर्धवट राहिलं आणि तो तापीकाठच्या या गावात केळी आणि कापूस बघायला परत आला. तेव्हापासून तो एका जागी स्थिर असा बसला नव्हता. जेवताना उठायचा, मळ्यातून अर्ध्या वाटेवरून परत यायचा. गावात वीज आली तशी त्याने एका मासिकातल्या नकाशावरून मिस्त्रींकडून पेटी बनवून घेतली.

पेटी झाली, पण थाप तळपायांपर्यंत येईना. दोष कोपऱ्याचा होता. घराची वाटणी झाली तेव्हा मधोमध भिंत घातली गेली होती. अर्धं घर थोरल्या भावाचं, मोतीलालचं, अर्धं शांतीलालचं. त्या भिंतीत एक दार राहिलं होतं. ठेवा असं कोणी सांगितलं नव्हतं, बंद करा असंही कोणी म्हटलं नव्हतं. त्या दारातून दोन्ही घरांचं ताक, विस्तव आणि लेकरं इकडून तिकडे जायची. आणि ते होतं नेमकं पेटीच्या कोपऱ्यात. भिंत सुरू होते न होते तोच दार लागायचं आणि सगळा खर्ज तिथून भावाच्या घरात निघून जायचा. बाकीच्या कोपऱ्यांपैकी एकात माळ्याचा जिना होता, एकात रस्त्याचं दार, आणि देव्हाऱ्याचा कोपरा सोडायला त्याची बायको प्रमिला तयार नव्हती. म्हणून त्याने लाकडाचा खोटा कोपरा करायचं ठरवलं होतं. दोन दुहेरी भिंती, काटकोनात जोडलेल्या, आत तापीची वाळवलेली रेती. त्यातली एक भिंत सरळ दारावरून जात होती.

"भाभी कथाईन येतीन?" प्रमिलाने तेव्हाच विचारलं होतं.

"पुढलं दार शे ना."

मिस्त्री गेल्यावर त्याने पेटी कोपऱ्यात सरकवली आणि पखवाजाची तबकडी लावली. पहिली थाप पडली तशी पाण्याच्या हंड्यावर ठेवलेला हात प्रमिलाने चटकन उचलला. हंडा थरथरत होता. शांतीलाल जमिनीवर बसला होता, तळहात फरशीला लावून. तबकडी संपून सुई खरखरायला लागली तरी तो उठला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी रस्त्याच्या दाराची कडी वाजली. प्रमिलाने दार उघडलं. बाहेर मोतीलालची बायको तापीबाई उभ्या होत्या, डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढलेला, हातात वाटी.

"जरासं विरजन शे का?"

"शे ना भाभी. या, बठा."

तापीबाई खाटेच्या कडेला बसल्या. प्रमिलाने चहा टाकला आणि फळीवरची कपबशी काढली, पाहुण्यांची. चहा ओतून झाल्यावर तिला ते कळलं. पण तोवर कप तापीबाईंच्या हातात गेला होता. त्यांनी तो बशीत न ओतता, सावकाश, बेतानेच प्यायला. मग त्या खोट्या कोपऱ्याकडे बघत राहिल्या.

"चांगलं बनाडं, भाऊ. कितलं जाड शे."

"रेती शे आत," शांतीलाल म्हणाला.

विरजण घेऊन त्या उंबऱ्याशी थांबल्या.

"येस मंग," म्हणाल्या आणि पायऱ्या उतरल्या.

लग्न होऊन या घरात आल्यापासून जाताना त्यांनी 'येते' असं कधी सांगितलं नव्हतं. मनात येईल तेव्हा त्या आल्या होत्या, मनात येईल तेव्हा गेल्या होत्या.

शांतीलालने त्या संध्याकाळी तबकडी लावली आणि मध्येच काढली. दुसरी लावली, तीही काढली. यंत्र बंद केल्यावर खोलीत जी शांतता झाली ती त्याला ओळखीची वाटेना. पलीकडून दादाचं खाकरणं येत नव्हतं. तांब्या आपटल्याचा, लेकरू रडल्याचा, काहीच आवाज नव्हता. रेतीने दोन्ही बाजूंनी काम केलं होतं. तो ओट्यावर गेला, आत आला, पुन्हा ओट्यावर गेला.

"काय शोधी ऱ्हायनात?" प्रमिलाने विचारलं.

"काही नही."

आठवडा त्याने कसाबसा काढला. मग एके दिवशी सकाळी मळ्यात न जाता त्याने पेटी बाजूला सरकवली आणि फळीचे खालचे खिळे उपसले. रेती भसाभस जमिनीवर आली. प्रमिला आतून आली. सूप आणि केरसुणी घेऊन ती रेती एका बाजूला लोटत राहिली. हलकी झालेली ती दुहेरी फळी त्याने सांध्यातून सोडवून भिंतीला टेकवली. दार दिसलं. दार पलीकडे उघडायचं. त्याने हाताने ढकललं, मग खांद्याने.

ते हललं नाही.

"दादा," त्याने हाक मारली. मग पुन्हा मारली.

तो चप्पल न घालता रस्त्याने निघाला. वळसा घालून दादाच्या दारात पोचेपर्यंत त्याने मनात वाक्य तयार केलं: दादा, मी ते काढी टाकं.

मोतीलाल पडवीत बसून कापसाची सरकी निवडत होता. आत चुलीपुढे तापीबाई भाकरी थापत होत्या. आणि मधल्या दाराला टेकून उभी होती ज्वारीची कणगी, पुरुषभर उंच, गच्च भरलेली. तिचं तोंड शेणाने लिंपून टाकलं होतं, आणि लिंपण वाळूनही गेलं होतं.

"ये शांती. बठ."

शांतीलाल बसला. कणगीवरची त्याची नजर हलत नव्हती.

"तठे बसाडी कणगी," मोतीलाल म्हणाला. "जागा नव्हतीच ना कथी. आते सापडनी." त्याने थोडी सरकी निवडली, खडे बाजूला टाकले. "तुनी बरं कयं, शांती."

"काय?"

"दार. कितला वरीसपासून मन्हा मनमा व्हतं. मोठा शे म्हनीसन तोंडमा येत नव्हतं. बाप गया आन भाऊनं दार लाई लिधं, आसं लोके म्हनतीन." तो खालीच बघत बोलत होता. "तुमना घरमा काय शिजनं ते आमले समजे, आमनं भांडन तुमले. मानूसले त्यानं घर लागस रे. आते रातले जीवले बरं वाटस."

चुलीपुढे तापीबाईंचा हात थांबला. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला, तेव्हा त्यांनी ती उलटली. तोंड मात्र इकडे वळवलं नाही.

शांतीलालने तयार करून आणलेलं वाक्य तोंडात आलं आणि तिथेच राहिलं.

मोतीलालने मान वर केली.

"हातले काय लागनं?"

शांतीलालने हात बघितले. कोपरापर्यंत रेती चिकटली होती.

"रेती."

"काम चालूच शे का आझून?"

"हा. जराशी भरनी ऱ्हायनी व्हती."

मोतीलाल त्याच्याकडे क्षणभर बघत राहिला. "पक्कं कर," तो म्हणाला आणि पुन्हा सरकीत हात घातला.

शांतीलाल परत आला तेव्हा प्रमिलाने दारापुढची जमीन स्वच्छ केली होती. उंबऱ्यावरची धूळही पुसली होती. एक हात दाराला लावून ती उभी होती.

"काय म्हने दादा?"

त्याने टेकवलेली फळी ओढून दारापुढे आणली, खिळे ठोकले, आणि घमेलं घेऊन ढिगाऱ्यापाशी बसला.

"हाई काय?" ती म्हणाली.

"कोपरा नीट बसेल नव्हता," तो म्हणाला आणि रेती भरायला लागला.

प्रमिला बाजूला झाली. तो पहिलं घमेलं ओततो तोवर ती नुसती बघत होती. दुसऱ्याला फळी कलायला लागली, तेव्हा पदर खोचून ती पुढे आली आणि दोन्ही हातांनी तिने ती सरळ धरली.