आम्ही हातानेच धुतो

"आणि कपडे?" कॅमेरावाल्या मुलीने विचारलं.

"आम्ही हातानेच धुतो," भावोजी म्हणाले. "या घरात मशीन आलेलं नाही आणि येणारही नाही."

मी आत स्वयंपाकघरात कपात चहा ओतत होते. ताई माझ्या शेजारी उभी होती, उजवं मनगट डाव्या हातात धरून. भावोजींच्या त्या 'आम्ही'वर तिने मानसुद्धा वर केली नाही. तिला त्याची सवय झालेली होती. मला ती आजवर झालेली नाही.

ताई माझी थोरली बहीण. पोस्टात खिडकीवर बसायची. पत्रांवर शिक्के मारायचे, पार्सलं तोलायची, लोकांच्या सह्या घ्यायच्या, आणि हे सगळं संपवून घरी यायचं. भावोजी शाळेत विज्ञान शिकवायचे. निवृत्त झाल्यावर ते कमी खर्चात, निसर्गाला न ओरबाडता कसं राहायचं यावर बोलायला लागले. बोलतात छान. आवाज भारदस्त, अंगात नेहमी तोच साधा पांढरा सदरा. गावभर त्यांना 'साधे सर' म्हणतात. तो सदरा इतका पांढरा कोण ठेवतं, हे कुणी विचारत नाही.

त्या दिवशी एका संस्थेची माणसं फिल्म करायला आली होती. घराघरांनी साधेपणाने कसं जगावं, हे लोकांना दाखवायचं होतं. भावोजी त्यांना घर दाखवत फिरत होते. आंघोळीचं पाणी बादलीत धरून आम्ही संडासात वापरतो. तांदूळ धुतलेलं पाणी आम्ही झाडांना घालतो. भाजी शिजत आली की गॅस आधीच बंद करून वर झाकण ठेवतो, बाकीचं शिजणं वाफेवर होतं. साबणाचे तुकडे उरले की नव्या वडीला चिकटवतो. चादर मधे विरली की ती उभी कापायची, कडांच्या बाजू मधे घेऊन शिवायच्या, की आणखी काही वर्षं निघतात. हे शेवटचं सांगताना त्यांनी चादर हातात घेऊन ताणून दाखवली. शिवण सरळ होती. ती मुलगी कौतुकाने म्हणाली, सर, तुम्ही शिवताही? भावोजी नुसते हसले. नाही म्हणाले नाहीत.

यातलं एकूण एक ताईने शोधलेलं. लग्नानंतरच्या ओढाताणीत शोधलेलं, काही आमच्या आईकडून उचललेलं. तिला त्याची हौसही होती. वाया गेलेलं तिला बघवत नाही, अजूनही नाही. पण ते तत्त्व झालं ते भावोजींच्या तोंडून, आणि काम राहिलं ते ताईच्या हातात.

मग त्या मुलीने विचारलं, कपडे धुताना थोडं चित्रण करता येईल का?

"अगं, जरा बाहेर ये," भावोजींनी हाक मारली. "एखादी चादर धुऊन दाखव यांना."

धुण्याजोगं काही शिल्लकच नव्हतं, सकाळीच झालं होतं. म्हणून कपाटातली धुतलेली चादर काढली, ती भिजवली, आणि ताई मागच्या अंगणात दगडापाशी बसली. स्वच्छ चादर पुन्हा धुवायला भरलेली बादली लागली. पाण्याच्या थेंबाथेंबावर बोलणाऱ्या माणसाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

चोळणं जमलं. पिळायची वेळ आली तेव्हा ताईच्या हातातून चादर निसटून खाली मातीत पडली.

"परत एकदा करूया का?" कॅमेऱ्यामागून आवाज आला.

मी पुढे झाले. म्हटलं, हिला पिळायला डॉक्टरांनी मनाई केली आहे. हात बधिर होतो, सकाळी बोटं उघडत नाहीत. मुलीने कॅमेरा खाली घेतला. ती बिचारी कावरीबावरी झाली.

भावोजी मात्र हसले. "डॉक्टर असंच सांगतात. हालचाल थांबली की सांधे धरतात. माणसाला यंत्राची सवय लागली की शरीर आळसावतं, हे मी नेहमी सांगतो."

ताईने चादर उचलली, मातीचा भाग खळबळून घेतला आणि पुन्हा पिळली. ओठ घट्ट मिटून. या वेळी निसटली नाही.

फिल्म झाली तेव्हा सगळ्यांना दाखवली. त्यात ताईचा चेहरा नव्हता. पिळणारे दोन हात होते आणि त्यांच्यावर भावोजींचा आवाज: श्रमात एक वेगळा आनंद असतो, तो आपण हरवून बसलो आहोत. ज्या हातांच्या आनंदाबद्दल बोलणं चाललं होतं, त्यांतला उजवा तेव्हा रात्ररात्र ठणकत होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत.

तसंही टाळ्यांची भावोजींना कमतरता नव्हती. त्यांची एक ठरलेली गोष्ट होती. माझ्या भाचीने, म्हणजे त्यांच्याच मुलीने, पहिल्या पगारातून आईला कपडे धुण्याचं मशीन पाठवलं होतं. भावोजींनी ते दारातूनच परत पाठवलं. 'मोह दारात आला होता, आम्ही त्याला उंबरा ओलांडू दिला नाही,' असं ते भाषणात सांगत. भाची त्या रात्री फोनवर रडली, हे ते सांगत नसत. ताई मशीन आलं तेव्हा पोस्टात होती. तिला विचारलंच नव्हतं.

डॉक्टरांची ती मनाई फिल्मच्या थोडेच दिवस आधीची. तोवर हात दुखायला लागून बराच काळ लोटला होता. आधी तेल लावून झालं, मग जुन्या कापडाची पट्टी बांधून झाली. दवाखान्यात जायचं म्हटलं की भावोजी व्यायाम सांगत. शेवटी एका सकाळी ताईच्या हातून गरम पाण्याचं भांडं सुटलं, तेव्हा मीच तिला रिक्षात घालून नेलं. डॉक्टरीणबाईंनी तिचा तळवा उताणा धरला आणि अंगठ्याच्या मुळाशी बोट ठेवलं. तिथे जो मांसल उंचवटा असतो तो बसून गेला होता. खळगा पडला होता. मनगटात नस दबली आहे, पिळणं बंद करा, त्या म्हणाल्या, ऑपरेशनने दुखणं आणि बधिरपणा जाईल, पण गेलेली ताकद कितपत येईल सांगता येत नाही. आधी यायला हवं होतं.

आधी यायला हवं होतं, हे वाक्य मी तसंच्या तसं भावोजींना सांगितलं. ते म्हणाले, "ती काही बोललीच नाही."

ऑपरेशननंतर ताई माझ्याकडे राहिली. पहिले काही दिवस तिला रिकामं बसणंच जमेना. माझ्या घरात मशीन आहे. ते सुरू झालं की ती स्टूल घेऊन समोर बसायची आणि आत फिरणारे कपडे बघायची. पाणी किती घेतं, कुठे जातं, फरशीला वापरता येईल का, हे विचारायची. मी म्हणायचे, ताई, जरा गप्प बस.

तिचे घरचे कपडे हवे होते म्हणून मी एकदा भावोजींकडे गेले. त्यांनी दार अर्धवटच उघडलं. मी आत शिरले तशी नाकात वास गेला. स्वयंपाकघराच्या दारामागे प्लास्टिकचे डबे रचून ठेवले होते. खानावळीतून आलेले, जेवण संपलेले, न धुतलेले. त्यांच्यात प्लास्टिकचे चमचेही तसेच. शेजारी लाँड्रीतून आलेले पांढरे सदरे, एकेक वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत. झाडांना पाणी नव्हतं. बादली संडासाबाहेर कोरडी पडली होती. ज्या जगण्यावर हा माणूस गावोगावी बोलत होता, ते ताई दाराबाहेर गेल्यावर आठवडाभरही टिकलं नव्हतं.

मी डब्यांकडे बघत राहिले. भावोजींनी दार लोटून ते झाकायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला.

"तात्पुरतं आहे हे," ते म्हणाले. "ती आली की परत सुरू होईल."

"काय सुरू होईल?"

"आपलं नेहमीचं."

मला वाटतं, मी आयुष्यात इतकी कधीच चिडले नसेन. पण आवाज चढला नाही. मी म्हटलं, "भावोजी, तुमचं नेहमीचं हे आहे. हे डबे. ते जे सुरू होतं, ते ताईचं नेहमीचं होतं."

ते खुर्चीवर बसले. मग, शाळेत फळ्यासमोर अडकलेल्या पोरासारखे म्हणाले, "मला येत नाही गं यातलं काही. मला कुणी शिकवलंच नाही."

तिला तरी कोणी शिकवलं होतं, असं माझ्या तोंडावर आलं होतं. त्यांना विज्ञान येत होतं, पाणी उकळलं की काय होतं ते त्यांनी पिढ्यान् पिढ्या शिकवलं होतं. एक डबा विसळायला यापेक्षा कमी लागतं. पण ते खरंच म्हातारे दिसत होते, सदऱ्याचं बटण चुकीच्या काजात होतं. मी कपडे घेतले आणि निघाले. त्यांची दया आली म्हणून माझा राग कमी झाला, असं मात्र नाही.

घरी येऊन ताईला सगळं सांगितलं. मला वाटलं ती रडेल किंवा निदान संतापेल. तिने विचारलं, "डबे धुऊन ठेवलेत का? रोपं लावता आली असती त्यांत."

"ताई, तुला राग येतो की नाही?"

ती खिडकीबाहेर बघत बसली. पट्टीतून बाहेर आलेली बोटं एकेक करून मिटायची, उघडायची, असं तिला सांगितलं होतं, तेवढं करत होती.

"कामाचा नाही येत," ती म्हणाली. "ते मी मनापासून केलं. मला कुणी काटकसर शिकवायला नको. पण ते लोकांसमोर 'आम्ही' म्हणतात ना, तेव्हा मी आतून ऐकत असते आणि वाटतं, यातली मी कुठली?"

मग तिने आपण होऊन भाचीला फोन लावला. मशीन अजून द्यायची इच्छा असेल तर पाठव, म्हणाली. मी घेईन. दारात मीच उभी राहीन.

ताई परत गेली ती मशीन यायचं त्या दिवशीच, आणि दारात उभी राहून तिने ते घेतलं. भावोजींनी बाजूला होऊन वाट दिली. तिने त्यांना बसवून सांगितलं, भांडून नाही, पोस्टाच्या खिडकीवर नियम समजावून सांगावेत तसं. मशीन पूर्ण भरल्याशिवाय लावायचं नाही. शेवटचं पाणी फरशीला. कपडे वाळत तुम्ही घालायचे, घड्या तुम्ही घालायच्या. भांडी मी सांगेन तशी तुम्ही. आणि भाषणात मशीनची गोष्ट पुन्हा सांगायची नाही.

ते सगळं करायला लागले. वाईट करतात, पण करतात. त्यांनी वाळत घातलेले कपडे दोरीवर चुरगळलेलेच असतात, आणि आता त्यांचा सदरा पूर्वीसारखा पांढरा दिसत नाही. भाषणं कमी झाली. एकदा कुणीतरी ती दारातून परत पाठवलेल्या मशीनची गोष्ट सांगा म्हणून आग्रह केला, तर म्हणे ते विषय बदलून खाली बसले. मला वाटलं होतं, हे ऐकून बरं वाटेल. फारसं वाटलं नाही. ताईचा हात काही त्याने परत येणार नव्हता.

दुखणं गेलं, ठणका गेला. पकड आली नाही. पेन धरलं की अंगठा आत वळतो.

पेन्शनच्या एका कामासाठी ताईला बँकेत सही करायची होती. भावोजी बरोबर होते, मीही गेले. खिडकीवर तरुण कारकून होता, स्वभावाने चांगला. ताईने सही केली. त्याने ती जुन्या सहीशी ताडून पाहिली, मान हलवली, आणि हळूच शाईचा पॅड पुढे सरकवला.

"आजी, सही जुळत नाहीये. अंगठा लावा, काही हरकत नाही."

पूर्वी पोस्टात ताईच्या समोरही असा पॅड असायचा. ज्यांना लिहिता येत नसे त्यांच्यासाठी. त्यांचा अंगठा ती आपल्या हातात धरून नीट टेकवायची आणि नंतर शाई पुसायला कापड द्यायची. ती पॅडकडे बघत राहिली. मागे रांग वाढत होती.

"लाव गं," भावोजी हळू आवाजात म्हणाले. "वेळ जातो लोकांचा." आणि त्यांनी तिचा हात धरून पॅडकडे न्यायला आपला हात पुढे केला.

"थांबा," ताई म्हणाली.

ते थांबले.

तिने पॅड कारकुनाकडे परत सरकवला. "ही माझीच सही आहे. आता अशीच येते," ती म्हणाली. "नवीन नमुना नोंदवून घ्या."

कारकून क्षणभर गोंधळला, मग आत जाऊन एक कोरं कार्ड घेऊन आला. ताईने पेन बोटांत अडकवलं, डाव्या हाताने उजवं मनगट टेबलावर दाबून धरलं आणि लिहायला सुरुवात केली. पहिलं अक्षर वाकडं आलं. दुसरं त्याहून वाकडं. तिने घाई केली नाही. कार्डावर तीन वेळा सही करायची होती. भावोजी तिच्या बाजूला हात मागे बांधून उभे राहिले, आणि ती पूर्ण नाव लिहीत गेली.