पिठाच्या मडक्यावरची पितळी

जगदेवानं भाजीचं गाडगं चुलीवरून उचललं, अंगण ओलांडून तो सरळ गोठ्यात गेला आणि गव्हाणीत ते उपडं केलं. गाईनं एकदा हुंगलं आणि ज्वारीच्या कण्या घालून शिजवलेली अंबाडीची भाजी चाटूनपुसून संपवली. रिकामं गाडगं त्यानं परत आणून चुलीपुढं ठेवलं. फोडलं नाही. फुकटचं नुकसान करणाऱ्यांतला तो नव्हता.

"पाला जनावरानं खावा," तो म्हणाला. "अन् एका चुलीवर दोन भाज्या काहून चढल्या? घर फोडाचं हाय का?"

"सुनेसाठी केली होती," त्याची बायको गोजराबाई म्हणाली. "कमलीले अंबाडीचे डोहाये लागले."

"डोहाये! आमच्या मायनं घरभर लेकरं काढले, कवा डोहायाचं नाव नाई घेतलं. वरन हाय ना? मंग वरन खाय म्हना तिले."

वरण होतं, पण ते जगदेवाच्या ताटात होतं. आधी जगदेव जेवणार, मग मुलगा रामराव, मग गडीमाणसं. बायकांची पाळी येईपर्यंत भांड्याच्या बुडाशी हळदीचं पाणी उरायचं. कमली कोपऱ्यात तुरी पाखडत बसली होती. तिनं मान वर केली नाही, पण तिचे हात थांबले होते. पाचवा महिना चालू होता. पहिल्या खेपेला सातव्यात लेकरू गेलं होतं, आणि ते गेलं तेव्हाही या घरात दोन भाज्या शिजल्या नव्हत्या.

जगदेवाच्या जिभेचे लाड हा रिसोडच्या वाटेवरल्या त्या गावात चेष्टेचा विषय होता. वांगं खाल्लं की त्याचं अंग खाजे. दोडका गिळगिळीत, कारलं कडू, मेथीला वास. पालेभाजी पाहिली की तो तोंड असं करी, जणू कुणी शेणात हात घालायला सांगितला आहे. कुठं जेवायला गेला तर पत्रावळीला पळसाचा वास येतो म्हणून ताट मागून घेई. लोक हसत, घरच्या बायकांना हसायची सोय नव्हती. मीठ कमी पडलं की तो ताट लोटून द्यायचा, आणि लोटलेलं ताट म्हणजे नवा स्वयंपाक. नागपूरचं सरकार जाऊन मुंबईचं आलं, गावात दोनदा मतदान झालं, पण जगदेवाच्या ताटाचा कायदा काही बदलला नाही.

लहान पोरानं असे नखरे केले असते तर दोन धपाटे घालून आईनं घास कोंबला असता. हे पोर पन्नाशीचं होतं, मिशा होत्या, नावावर जमीन होती. त्याला कोण धपाटे घालणार?

म्हणून गोजराबाईनं दुसरी वाट काढली होती. तुरीची डाळ भरडून ती फुणके वाफवायची, त्यात घोळीची भाजी इतकी बारीक चिरून घालायची की डाळीत ती दिसू नये. थालीपिठात कोहळं किसून मळायचं. कढीतल्या गोळ्यांत मेथी वाटून टाकायची. जगदेव बोटं चाटून खायचा आणि वर म्हणायचा, "हे खानं. पाला खाऊन कोनाचं भलं झालं?" ती चुलीकडं तोंड करून लाकूड सारायची. शेजारणींना वाटे, काय हुशार बाई आहे! हुशारी कसली, वेठबिगार होती ती. एका माणसाला न कळता चांगलं खाऊ घालायचं, म्हणून एक बाई जन्मभर चोरासारखी भाजी चिरत होती.

तिचं स्वतःचं ताट नव्हतंच. लग्नात माहेरहून जेवायची एक पितळी आली होती, काठावर वेलबुट्टी असलेली. पहिल्याच दिवशी सासूनं ती हातातून काढून घेतली. "बाईनं नवऱ्याच्या ताटात जेवाव. येगळी पितळी कायले?" असं म्हणून तिनं ती पिठाच्या मडक्यावर झाकण म्हणून ठेवली. सासू गेली. मडकी फुटली, नवी आली. पितळी मात्र झाकणच राहिली आणि गोजराबाई नवऱ्याच्या उष्ट्या ताटात, त्यानं जे टाकलं असेल त्याच्याशी, आपली भाकर खात राहिली.

गाईनं भाजी खाल्ली त्याच दुपारी रंगूबाई आली. गावातल्या निम्म्या पोरांची नाळ तिनं कापली होती. तिनं कमलीच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, नखं दाबून पाहिली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"रगत नाई पोरीत. मांगच्या खेपेले बी म्यां सांगतलं होतं, पालाभाजी देय. ऐकलं का कोनी?"

"करतो ना व माय," गोजराबाई म्हणाली.

"करतं तं जाते कुठी? तुह्या घरचे माणसं पाह्य, कसे गोट्यासारखे टनक! अन् पोरगी पांढरी फटक. गोजरे, तुह्या चुलीवर शिजते ते खाते कोन?"

रंगूबाई पान लावून निघून गेली. गोजराबाई तिथंच बसून राहिली. घोळ, मेथी, कोहळं, जे जे म्हणून तिनं लपवून घातलं होतं, ते सगळं भलत्यांच्याच अंगाला लागलं होतं. फुणके पुरुषांच्या पंगतीत संपत. थालीपिठं संपत. जो पाल्याला शिव्या देत होता तोच पाल्यावर पोसला होता, आणि जिला हवा होता तिच्या वाट्याला हळदीचं पाणी. तिला आधी स्वतःचाच संताप आला. मग तो संताप जिथं जायला हवा होता तिथं गेला आणि तिथंच राहिला.

त्याच आठवड्यात महालक्ष्म्या बसल्या. भादव्याचे दिवस, बांधावर आणि परसात हिरवं माजलेलं. महालक्ष्म्यांच्या जेवणाला सोळा भाज्या एकत्र शिजवायच्या, त्यात अंबाडी हवीच. जोडीला ज्वारीची आंबील, कढी, पुरणपोळी. त्या दिवशीचा प्रसाद घराबाहेर जात नाही आणि ताटात पडलेलं कुणी टाकत नाही. दरवर्षी गोजराबाई जगदेवाच्या ताटात नखाएवढी भाजी वाढायची. तो ती ओठाला लावायचा आणि बाकीची हळूच पोळीखाली सारायचा. ती पोळी मग तिच्याच वाट्याला यायची.

यंदा शिरपूरहून व्याही जानराव, कमलीचा बाप, बैलांची हलकी दमणी जुंपून आला होता. लेकीला बाळंतपणासाठी न्यायचं होतं. जगदेवानं ओसरीवरच त्याला सांगून टाकलं, "दिवाईपर्यंत नाई जमत. सयपाकाले हात कमी पडतात." जानरावानं लेकीकडं पाहिलं. तिचं तोंड पाहून तो उपरण्यानं मान पुसत राहिला.

दुपारी पंगत बसली. सगळ्यांना पत्रावळी, जगदेवाला त्याचं ताट. रामराव पोळ्या वाढत होता. भाजीचं भांडं घेऊन गोजराबाई स्वतः निघाली आणि तिनं सगळ्यांना वाढली तशीच जगदेवालाही डावभर भाजी वाढली.

"हे काय?" जगदेवानं विचारलं.

"परसाद."

"मले किती वाढाची मालूम नाई का तुले?"

"मालूम हाय. लक्षुमीचा परसाद हाय, सगळ्याइले सारखा."

जगदेवाचा हात सवयीनं पुढं आला. डाव्या हातानं त्यानं ताट लोटलं. सारवलेल्या जमिनीवरून ते खरडत गेलं, कढी काठावरून सांडली. त्या हाताला आज कोणता दिवस आहे हे आठवलंच नाही.

पंगत थांबली. मखरात दोघी महालक्ष्म्या बसलेल्या, समोर ताट लोटलेलं.

"इवाई," जानराव हलक्या आवाजात म्हणाला, "आजच्या दिशी ताट लोटू नोका."

जगदेवाच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की चूक त्याला कळली आहे. पण माघार घेणार कोण? "ने हे," तो बायकोला म्हणाला. "दुसरं वाढून आन. पोयी अन् तूप."

गोजराबाईनं भाजीचं भांडं खाली ठेवलं. हात धुतले, पदराला पुसले. मग ती पुरुषांच्या पंगतीत येऊन लोटलेल्या ताटासमोर मांडी घालून बसली, ताट जवळ ओढलं आणि पहिला घास घेतला.

"अवं, हे काय करतं?"

"जेवून राह्यली. तुमच्या मायनंच सांगतलं होतं, बाईनं नवऱ्याच्या ताटात जेवाव. अन् लक्षुमीचं ताट टाकू नाई, हे बी तिनंच सांगतलं. मी दोनी ऐकून राह्यली."

पंगतीत चार म्हातारे होते, रीतिभातीचा एरवी कीस काढणारे. बाईनं पुरुषांत बसू नये हे खरं. पण ती जे करत होती ते सगळं त्यांच्याच रीतीतलं होतं.

"उठ!" जगदेव दात आवळून म्हणाला.

"ताट सरल्याबिगर उठता येत नाई. आज तं नाईच."

"येका पाल्यासाठी चार लोकात माही इज्जत..."

"पाला?" आता तिचा आवाज चढला, आणि चढला तो मग उतरलाच नाही. "पाला खात नाई तुमी? फुणके कशे नरम झाले म्हनता, काय असते त्याच्यात? घोय असते! थालीपिठात कोहयं असते, कढीच्या गोयात मेथी असते! लगन झालं तवापासून पालाच खाऊन राह्यले तुमी!"

पंगतीच्या टोकाला कुणीतरी खुसकन हसलं.

"हासू नोका!" ती तिकडं वळली. "हासाची गोठ नाई. सारं याइच्या पोटात गेलं अन् रगत त्या पोरीचं आटलं. येक लेकरू मातीत घातलं आमी. दुसऱ्यासाठी रांधलं ते याइनं गाईले घातलं. गाईले!"

जानरावानं हातातला घास पत्रावळीवर ठेवला.

"कमले, ये इथी," गोजराबाईनं हाक मारली. दाराआडून कमली अर्धी बाहेर आली. "बस. रामराव, तुह्या बायकोले वाढ."

रामराव भाजीचं भांडं घेऊन उभा राहिला. त्याची नजर बापाकडं गेली.

"बापाकडं नोको पाहू. भाजी भांड्यात हाय, बापाच्या थोबाडावर नाई."

जानरावानं आपला पाट सरकवला. "बस, माय," तो लेकीला म्हणाला. कमली बसली. रामरावानं तिच्यापुढं पत्रावळ मांडली, एक डाव वाढला. मग क्षणभर थांबून, कुणी न सांगता, दुसराही वाढला. कमलीनं पहिला घास घेतला आणि मग ती भराभर खायला लागली, भूक लागलेलं माणूस खातं तशी, इकडं तिकडं न बघता.

जगदेव कोरड्या हातानं उठला आणि गोठ्यात जाऊन बसला.

दिवेलागणीला पाहुणे पांगले. जानराव मुक्कामाला थांबला होता. सकाळी दमणीत कमली बसणार हे कुणी ठरवलं नव्हतं, पण तिचं बोचकं बांधून दाराशी ठेवलेलं होतं. गोजराबाईनं जगदेवाचं ताट घासून कोनाड्यात उभं केलं. मग पिठाच्या मडक्यावरची पितळी काढली आणि मडक्यावर सूप झाकलं. चिंच लावून ती पितळी घासत बसली. वर्षानुवर्षांचं काळं निघता निघत नव्हतं. हात दुखले तरी तिनं सोडली नाही. दुपारचा राग अजून तसाच होता आणि तो जावा असं तिला वाटतही नव्हतं.

कमलीला ताटलीत वाढून तिनं आपली पितळी पुढं घेतली. दोघी जेवायला बसल्या तोच जगदेव आत आला. दिवसभर उपाशी होता. आधी त्यानं चुलीकडं पाहिलं, मग पिठावरच्या सुपाकडं.

"माहं ताट?"

"कोनाड्यात हाय. वरन नाई केलं आज, भाजीच हाय. घ्या वाढून."

तो उभाच राहिला. "अन् तू कोन्या ताटात जेवून राह्यली?"

"माह्या."

एवढं बोलून तिनं कमलीला आणखी भाजी वाढली आणि आपल्यापुढची पोळी मोडली. पितळी मधोमध चकचकीत निघाली होती. काठावरच्या वेलबुट्टीत मात्र जुनं पीठ घट्ट बसलं होतं. ते चिंचेनंही निघालं नव्हतं.