शंभर अँपिअर-तासांची मी

मी एक जुनी बॅटरी आहे. इंजिन सुरू करणारी नव्हे. ती माझी शेजारीण, एकदा जोर लावते की मोकळी. मी झोपण्या-जेवण्याची सोय असलेल्या गाडीतली. दिवे, पंखा, छोटा फ्रिज तासन्‌तास चालवणं हे माझं काम. माझ्या अंगावर कारखान्यातच छापलं होतं : १०० अँपिअर-तास.

हे फिरतं घर निवृत्त बसचालक काकांनी स्वतः बांधलं. काकूंना मधुमेह, त्यांचं इन्सुलिन फ्रिजमध्ये. पहिल्याच प्रवासाला निघताना काका म्हणाले, "फ्रिजला तासाला पाच लागतात. म्हणजे वीस तास बघायला नको."

मित्रांनो, काकांचं गणित चुकलं नव्हतं, पण अर्धंच होतं. दुसऱ्या संध्याकाळी मुक्कामावर त्यांनी मला पुन्हा पूर्ण चार्ज केलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तलावाकाठी त्यांनी काकूंचे गुडघे शेकायला पाणी तापवायचा हीटर लावला. पाचाऐवजी एकदम ऐंशी अँपिअर! मला धाप लागली. पाणी जेमतेम कोमट झालं आणि मी मान टाकली.

"अहो, फ्रिज बंद पडलाय," काकू म्हणाल्या. "इन्सुलिन आत आहे माझं."

काकांनी तडक गाडी काढली. काकू वाटभर फ्रिजचं दार घट्ट धरून बसल्या होत्या.

"हिला भंगारात टाका," काका गॅरेजमध्ये म्हणाले. "फसवलं हिने."

"बॅटरीचं नंतर बघू, आधी औषध," वायरिंग करणाऱ्या ताई म्हणाल्या. फ्रिजमधल्या तापमापकावर अकरा अंश होते, आठच्या आत हवे होते. ताईंनी औषधाच्या दुकानात फोन लावला. एवढ्याने इन्सुलिन बिघडत नाही, असं उत्तर आलं. काकूंनी फ्रिजचं दार हळूच लावून घेतलं.

मग ताईंनी माझ्यावर बोट ठेवलं. "शंभर खरे आहेत, काका. पण पाच-पाच करत वीस तासांत घेतले तरच. ओरबाडून घेतले तर पुष्कळ कमी मिळतात. आणि सावकाश घेतानाही पन्नासावर थांबायचं, नाहीतर ती लवकर म्हातारी होते."

"म्हणजे चूक माझी," काका हळूच म्हणाले.

मी भंगारातून वाचले! त्या दिवसापासून पाणी गॅसवर तापतं आणि मी निम्म्यावर आले की काका मला चार्जिंगला लावतात. त्यानंतर फ्रिज एकदाही बंद पडलेला नाही.

मित्रांनो, कुणी दमून बसलं तर त्याला लबाड म्हणण्याआधी विचारा, त्याच्याकडून किती घेतलं आणि किती घाईने. मग बघा, ते किती वर्षं साथ देतं.