मऊ पडलेला गडी

मुंजाजीनं माठातून सोताच पाणी घेतलं, घटाघटा पिलं आन् तांब्या हळूच खाली ठेवला. कुसुम चुलीपाशी बसून बघतच राह्यली. बारा वर्षांत ह्या माणसानं तांब्या कवा ठेवला नव्हता, फेकलाच होता. बहुतेक वेळा तिच्या अंगावर.

शहात्तर सालची दिवाळी झाली आन् नसबंदीचा कॅम्प लागला. जीपमंदी घालून गडी नेले, त्यात मुंजाजीबी होता. तवापासून गडी पार मऊ. झरीच्या बाजारात लोक टोचायचे.

"काय मुंजाजी, खच्ची झाला म्हनं! घे आता जू मानंवर!"

ह्यो खाली बघत निघून यायचा. खच्ची केलेला गोऱ्हा मारका राहत न्हाई, हे त्यानं जलमभर बघितलेलं. आपलंबी तसंच झालं, ह्याची त्याला खात्री.

कुसुमला मात्र खरं ठाव होतं. त्याला आणायला गेली तवा कॅम्पातच नर्सबाई बोलली होती, "नुसती नळी बांधली बाई. बाकी समदं जिथल्या तिथं. घरी सांग, धीर येईल त्यांना."

कुसुमनं सांगितलं न्हाई. पोरगी रुखमी आता बापाच्या ताटाला ताट लावून जेवायली होती. एक दिस तर त्यानं तिची वेणी घातली, लय वाकडी. पोरीनं ती दोन दिस सोडली न्हाई.

"लय मारलं ग तुला," एकदा तो बोलला. "आता माझ्यात काई राह्यलं न्हाई."

"असू द्या," ती म्हणाली.

मग एका सोमवारी कॅम्पातला डॉक्टर गड्यांना तपासायला गावात आला. मानूस भला. समद्यांना पारावर बसवून समजावलं.

"गोऱ्ह्याच्या गोळ्या ठेचतात, म्हणून त्याच्यातला नराचा रस आटतो. तुमच्या गोळ्यांना आम्ही हातसुद्धा लावला नाही. होता तसेच आहात तुम्ही. नर्सनं बायकांना सांगितलं होतं की! घरी कुणी बोललं नाही?"

मुंजाजी घरी आला तो छाती काढून. दारातच थांबला, हसला.

"कुसुमे, तुला म्हाईत होतं?"

कुसुमनं तव्यावरची भाकर उलटली.

"तुला इचारायलोय मी."

"रुखमे," ती पोरीला म्हणाली, "जा, शेजारी भागम्मा मावशीकडं बस. मी हाक मारल्याबिगर येऊ नको."

पोरगी उठली. बापाच्या अंगाला अंग लागू न देता, भिंतीच्या कडंनं निघून गेली.