चारला उघडणारं दुकान

थोरलीचं काम सोपं होतं. नेटवर शोधलं की जी दुकानं, सलून, दवाखाने दिसतात, त्यांतलं चालू कोणतं आणि टाळं कुणाला लागलंय, एवढंच तिनं ठरवायचं. कुणी तक्रार केली की ती नोंद तिच्या पडद्यावर येई. मग दिलेल्या नंबरवर फोन लावायचा, "दुकान चालू आहे का?" हा एकच प्रश्न विचारायचा आणि दोनपैकी एक बटण दाबायचं. एका नोंदीला दीड मिनिट. सुपरवायझरला सगळे पाठीमागे स्टॉपवॉच म्हणत, आणि ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

घरचं किंवा ओळखीचं दुकान आलं तर ते शेजारच्याकडे सरकवायचं, असा नियम होता. मंगळवारी दुपारी तिच्यापुढे एक नोंद आली. शिलाई मशीन दुरुस्ती, वेळ दहा ते एक, चार ते आठ. फोटोत तिचे बाबा, चष्मा कपाळावर, कॅमेरा सोडून मशीनकडे बघणारे. बाबांना जाऊन सात महिने झाले होते. खाली एका बाईंची तक्रार होती: "मशीन उचलून दोनदा आले. इथे हिरव्या अक्षरांत 'आता उघडे आहे' दिसतं आणि शटर खाली. गुडघे दुखणाऱ्या माणसाची थट्टा करता का?"

थोरलीला काहीच वाटलं नाही. सात महिने हे असंच चाललं होतं. ती जेवत होती, झोपत होती, एक दिवस रजा नाही, आणि नातेवाईक म्हणत होते पोरगी खमकी निघाली. खमकी कसली, दाढ काढल्यावर गाल असतो तशी ती नुसती बधिर होती. नोंद सरकवायची राहूनच गेली आणि हातानं सवयीनं नंबर फिरवला.

बाबांचा फोन आई चार्ज करून उशाशी ठेवते, हे तिला माहीत होतं. तो ती उचलत असेल, हे माहीत नव्हतं.

"हॅलो," आई म्हणाली. बाबा जेवायला बसले की त्यांचा फोन घेताना ती काढायची तोच दुकानाचा आवाज.

"दुकान चालू आहे का?" थोरलीनं ऑफिसच्या आवाजात विचारलं.

"चालू आहे. ते जरा बाहेर गेलेत."

"कधी येतील?" हा प्रश्न नियमात नव्हता.

"चारला. तिथं लिहिलंय ना."

मालकांकडून होकार आला की "चालू" दाबायचं, यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. पण मग त्या बाई मशीन घेऊन तिसऱ्यांदाही येणार.

"अडलंय का काही?" स्टॉपवॉच मागे येऊन उभा होता.

"नाही," म्हणत तिनं "कायमचे बंद" दाबलं. पुढचं एक सलून आलं. तेही तिनं निकालात काढलं.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा आई टेबलाशी बसली होती, पुढ्यात बाबांचा फोन.

"आज चारला हिरवं झालंच नाही," आई म्हणाली. "लाल अक्षरं आलीत. तू केलंस?"

आई रोज चारला ते पान उघडून बसते, हे थोरलीला आत्ता कळलं.

"हो. एका बाईंना दोन हेलपाटे पडले, आई."

"वाचलं मी. बरोबरच केलंस." आईनं टेबलावर नसलेली धूळ पुसली. "मला एकदा विचारायचं तरी."

"विचारलं की. फोन केला होता."

"तो दुकानाला केलास. मी दुकानासारखं उत्तर दिलं. आईला कुठं विचारलंस?"

थोरली खुर्ची ओढून बसली. गालाचा बधिरपणा उतरू लागला की आधी ठणका लागतो, तसं तिचं झालं.

"आई, दुकान बंद करू का?" या वेळी आवाज ऑफिसचा नव्हता, आणि तो नीट फुटलाही नाही.

आईनं पडद्यावरच्या बाबांच्या फोटोकडे एकदा बघितलं. मग तिनं फोन पालथा ठेवला.

"कर," ती म्हणाली.