घुम्याचं बोट

कात्रीच्या तोंडी लागायचं नाही, हे गावानं कधीच ठरवून टाकलं होतं. जीभ कात्रीसारखी चालायची म्हणून गाव तिला कात्री म्हणायचं, आणि आता तर माहेरच्यांनासुद्धा खरं नाव आठवायला आढ्याकडं बघावं लागायचं. त्या दिवशी सकाळी सकाळी ती कालव्याच्या झडपेपाशी दोन्ही हात कमरेवर ठेवून उभी होती आणि देशाच्या मोठ्या साहेबांचा उद्धार करत होती.

"कालवा दिला म्हणे! फोटो दिला, कालवा कुठं दिला? भिंतीभिंतीवर दात काढून हसतोय मेला. इथं आमच्या शेपटाला पाणी यायचं म्हणजे बाळंतपण सोपं!"

पाटकरी झडपेवर बसून दात कोरत होता. पाळीपाळीनं पाणी सोडायचं हे त्याचं काम, पण झडपेची किल्ली पुढाऱ्याच्या घरी खुंटीला. पुढारी म्हणजे मोठ्या साहेबांचा गावातला माणूस.

"वहिनी, हळू बोला. भिंतीला कान असतात."

"असू देत की! कान आहेत तर ऐकू देत. इथं भिंत आहे कुठं, सगळं उजाड तर आहे!"

पाटकरी हसला. गाव तिचं बोलणं असंच हसून सोडून द्यायचं. तिच्यामुळं सगळ्यांच्या पोटातलं बाहेर पडायचं, आणि नाव मात्र तिचं एकटीचं खराब व्हायचं. सोय होती ती गावाची.

नवरा तिच्या अगदी उलट. घुम्या. दिवसातून चार शब्द बोलला तर त्या दिवशी पाऊस पडेल असं लोक म्हणायचे. खाली मान घालून दोन एकर कसायची, शेळ्या बांधायच्या, खोकायचं आणि झोपायचं. छातीत त्याच्या दमा होता. जमीन चारीच्या, म्हणजे कालव्याच्या फाट्याच्या, पार शेवटाला, सगळ्यांचं भिजून उरलं तर पाणी मिळणार. त्यात औंदा कांदा लावलेला. कांदा हाताला लागला तर वर्ष निघणार होतं. नाहीतर घुम्याला वीटभट्टीवर जायचं, आणि भट्टीच्या धुरात ही छाती एक हंगाम काढायची नाही, असं डॉक्टरनं तोंडावर सांगितलं होतं. कात्रीला दुसरी कसली भीती नव्हती, एवढीच होती.

त्याच आठवड्यात सर्वेवाली आली. पोरगी बावीस-तेवीसची, पाठीला पिशवी, पायात धुळीनं पांढरे झालेले बूट. दर तिसऱ्या घरात एक माणूस, असे गावात वीस जणांना विचारणार होती. मोठे साहेब लोकांना किती आवडतात, एवढंच.

"नाव लिहीत नाही हं मावशी," ती ओट्यावर बसत म्हणाली. "कोण काय बोललं, कुणाला कळत नाही. आधी सांगा, घरात कुणाचा वाढदिवस नुकताच झाला?"

"वाढदिवस?" कात्री बघतच राहिली. "अगं, आमचे काय वाढदिवस! मी पुराच्या सालातली. हे थंडीतले, नांगरट चालू होती म्हणे तेव्हा."

"आता थंडीच आहे. म्हणजे काकांनाच विचारायचं."

"त्यांना? त्यांना विचारून काय करतेस बाई, शेळीला विचार, ती तरी ओरडेल. त्यांचं मीच बोलते. लिही. साहेब फार चांगले. देवमाणूस. कालवा दिला, रस्ता दिला."

आता तुम्ही म्हणाल, झडपेवरची वाघीण ती ही का? हीच. पण झडपेपाशी शिव्या देणं वेगळं आणि कागदावर देणं वेगळं. कागद कुठं जातो कुणाला ठाऊक? शनिवारी पाण्याची पाळी होती आणि कांद्याचा गड्डा धरायला नुकती सुरुवात झाली होती. जीभ कधी आवरायची ते कात्रीला चांगलं कळत होतं. उगाच नाही पन्नाशी गाठली.

पोरगी मात्र नियमाची पक्की. तिनं पिशवीतून एक पुठ्ठा काढला. त्यावर ओळीनं पाच तोंडं काढलेली, पहिलं खळखळून हसणारं, शेवटचं ढसाढसा रडणारं. "वाचता येत नाही त्यांच्यासाठी आहे हे. काका, साहेबांचा कारभार कसा वाटतो, त्या तोंडावर बोट ठेवायचं. मावशी, तुम्ही जरा तिकडं बघा."

कात्री तोंड फिरवून उभी राहिली. मागं घुम्या एकदा खोकला. मग पोरगी म्हणाली, "झालं काका, थँक्यू," आणि चहा न घेताच पुढच्या घरी गेली.

संध्याकाळी ती पुढाऱ्याच्या ओसरीवर एसटीची वाट बघत बसली होती. वयानं लहान, मनानं निर्मळ. पुढाऱ्यानं सहज विचारलं आणि तिनं कौतुकानं सांगितलं, "एवढं चांगलं गाव नाही पाहिलं. वीसपैकी एकोणीस जण खूश आहेत साहेबांवर!"

दुसरा कुणी असता तर पेढे वाटले असते. पुढाऱ्याचं डोकं मात्र त्या विसाव्या माणसातच अडकलं. "एकोणीस आपलेच. पण एक कोण?" पोरगी नाही म्हणाली, नाव लिहीतच नाही म्हणाली, एसटीत बसून गेली. पुढाऱ्याला नावाची गरजही नव्हती. गावात साहेबांना शिव्या देणारं तोंड एकच होतं.

शनिवारी पाणी आलं नाही. पुढच्या शनिवारीही नाही. शेजारच्या वाफ्यापर्यंत यायचं आणि पाटकरी फावड्यानं दोन पाट्या माती टाकून बांध घालायचा. कात्री भांडली, तर म्हणाला, "वरून हुकूम आहे वहिनी. माझ्या पोटावर नका येऊ."

ती पुढाऱ्याच्या ओसरीवर गेली. बसा म्हणालं नाही कुणी.

"दादा, देवाची शपथ घेऊन सांगते, आमच्या घरानं चांगलंच सांगितलं. देवमाणूस म्हणाले मी साहेबांना, त्या पोरीला विचारा!"

"उगाच कात्री म्हणतात का तुला?" पुढारी सुपारी फोडत म्हणाला. "वर्षभर शिव्या देतेस आणि त्याच दिवशी बरं तोंडातून फूल पडलं? ज्याला साहेब आवडत नाहीत, त्यानं साहेबांचं पाणी कशाला प्यावं? पाऊस पडेल तेव्हा भिजव."

ओसरीवर बसलेले हसले. त्यांत शिंपीण होती, रानाची शेजारीण, कात्रीच्या शिव्या ऐकून पोट धरधरून हसणारी. तीही हसली. गिरणीवाला दुसऱ्या दिवसापासून कात्रीचं दळण सगळ्यांच्या मागं ठेवायला लागला. पोरंटोरं ती दिसली की तोंड वेंगाडून रडायची सोंगं करायची. माणसं अशीच असतात, एकाला खड्ड्यात ढकललं की बाकीच्यांना काठावर उभं असल्याचं समाधान वाटतं.

कांद्याची पात आधी शेंड्याला पिवळी पडली. मग तिनं मान टाकली. कात्री बादल्यांनी पाणी वाहायची, पण दोन एकर कधी बादलीनं भिजतात? एका दुपारी तिनं एक कांदा उपटून बघितला. लसणाच्या पाकळीएवढा भरला. ती घरी आली, उंबऱ्यात बसली आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असं ओरडली, "चोर सोडून संन्याशाला फाशी दिली रे! ज्या मुडद्यानं त्या रडक्या तोंडावर बोट ठेवलं ना, त्याचं बोट झडून पडो! घास उचलायला बोट राहू नये त्याला!"

आत घुम्या जेवत होता. त्याचा हात ताटातच थांबला. उठून तो बाहेर आला, तिच्या समोर उकिडवा बसला आणि उजव्या हाताचं बोट पुढं केलं. मातीनं काळं पडलेलं, नख फुटलेलं.

"काय?" ती खेकसली.

"हे होतं ते."

कात्रीला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिनं दोन्ही हातांनी स्वतःचंच तोंड बडवून घेतलं.

"का? अहो, का? मी एवढी बोलते, पण कागदावर नाही बोलले! तुम्ही जन्मभर मुके, आणि नेमकं तिथंच तोंड फुटलं तुम्हाला?"

घुम्या बराच वेळ खोकत राहिला.

"मला आजवर कुणी विचारलं नव्हतं," तो म्हणाला. "काय वाटतं म्हणून. तूसुद्धा नाही. तिनं विचारलं. मग खोटं कसं सांगायचं?"

दुसऱ्या दिवशी तो एकटाच पुढाऱ्याच्या ओसरीवर गेला आणि म्हणाला, मी केलं. ओसरी खो खो हसली. "बायकोचं पाप अंगावर घेतोय बघा! घुम्या, तुला माशी हाकलता येत नाही, तू साहेबांना पाडणार?" एकानं त्याच्या पाठीत धपाटा मारला, त्यानं त्याला दम लागला आणि तो खांबाला धरून उभा राहिला. त्याच्या खऱ्यालाही कुणी किंमत दिली नाही.

शेळ्या विकून त्यांनी दिवस काढले आणि पहिल्या पावसावर उरलंसुरलं बियाणं घेऊन मका टोकला. हा शेवटचा डाव होता. मका गेला की भट्टी, हे दोघांनाही न बोलता ठाऊक होतं.

सहा महिन्यांनी तीच पोरगी, तीच पिशवी. बाकीची एकोणीस घरं उरकून ती शेवटी कात्रीकडं आली. "त्याच घरांना, त्याच माणसांना पुन्हा विचारायचं असतं, मावशी. मत बदललं का ते बघतात."

कात्री तिची वाटच बघत होती. तिनं घुम्याला गोठ्यातून ओढत आणलं, आळीच्या मधोमध उभं केलं आणि पळकुट्या वासराचं दावं धरावं तसं त्याचं मनगट धरलं.

"मावशी, असं नाही चालत. काकांनी स्वतः ठेवायचं."

"काकांचंच बोट आहे की! माझं आहे का? बघ, नख फुटलेलं." आणि तिनं ते बोट हसऱ्या तोंडावर एवढं दाबलं की पुठ्ठा वाकला. "हसरं! ऐका रे सगळ्यांनी! आमच्या घरानं हसऱ्यावर ठेवलं! पाटकरी, ऐकलंस? जा सांग पुढाऱ्याला, साहेब देवमाणूस आहे!"

पोरगी कावरीबावरी झाली, पण बोट होतं हसऱ्यावर, तिनं तशी खूण केली. घुम्यानं हात सोडवून घेतला आणि गोठ्यात गेला.

आठ दिवसांनी पुढाऱ्याला वरच्या कचेरीतून फोन आला. ओसरीवर बसलेल्यांना पलीकडचं ओरडणं सुद्धा ऐकू येत होतं. वीसपैकी एकोणीस घरांनी रडकं तोंड दाखवलं होतं. हसणारं एकच.

झालं होतं असं, की प्रत्येकानं मनातल्या मनात एकच हिशेब केला होता. शिंपीण नंतर कात्रीला अगदी सरळ म्हणाली, लाज ना लज्जा, "अगं, आम्हाला वाटलं, एखादं रडकं निघालंच तर तुझ्याच नावावर जाणार. मग आपण का पोटात ठेवायचं? मला काय ठाऊक सगळेच तसं करतील!"

त्या संध्याकाळी एकोणीस घरांतली एकोणीस माणसं पुढाऱ्याकडं जाऊन शपथेवर सांगून आली, की ते एक हसरं तोंड आपलंच. पण त्या दिवशी आळीत कात्री ओरडलेली साऱ्यांनी ऐकली होती.

कात्री मान ताठ करून ओसरीवर गेली. या वेळी तिला बसायला खुर्ची मिळाली, चहा मिळाला.

"दादा, आता तरी पटलं? सोडा माझं पाणी. मका गुडघ्याला आलाय, पाऊस गडप झालाय, दोन पाळ्या मिळाल्या तर तरेल."

पुढाऱ्याचा चेहरा उतरलेला होता. त्यानं तिच्यापुढं चक्क हात जोडले. "वहिनी, तुम्ही एकट्याच आपल्या निघालात. तुम्हाला मी विसरायचो नाही. पण वरून सांगणं आहे, निवडणूक तोंडावर आलीय, नाराज घरं आधी शांत करा. रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही. तुम्ही काय, घरच्याच. घरच्या माणसानं पंगतीत शेवटी बसायचं असतं."

"शेवटीच तर आहे माझी जमीन! शेवटी उरतं काय?"

"थांबा थोडं," पुढारी म्हणाला. "साहेबांसाठी."

कालवा महिनाभर रात्रंदिवस वाहत होता. गिरणीवाल्याची शेतं, शिंपिणीचा वाफा, पाटकऱ्याच्या मेहुण्याचा बांधसुद्धा भिजला. शिंपिणीच्या वाफ्याशी पाटकरी दोन पाट्या माती टाकून बांध घालायचा, तोच जुना. गिरणीवाल्यानं दळण पुन्हा मागंच ठेवलं. "साहेबांची माणसं तुम्ही, तुम्हाला घरपोच येईल पीठ." पोरं आता तिला बघून रडायची नाहीत, दात काढून हसायची.

मका कणसावर येऊन वाळला. पानं हाताला लागली की चुरा व्हायची.

भट्टीची गाडी सकाळी यायची होती. कात्रीनं गोधडी, ताटली आणि खोकल्याची बाटली बांधून दिली. दोघं रस्त्याच्या कडेला येऊन बसले. पलीकडं शिंपिणीच्या रानात पाणी खळखळत चाललं होतं.

आणि घुम्या बोलायला लागला. आधी हळू, मग मोठ्यानं. साहेबांना शिव्या दिल्या, पुढाऱ्याला दिल्या, पाटकऱ्याला, एकेका घराला नाव घेऊन दिल्या. तीस वर्षांचं साचलेलं सगळं. मधेच दम लागायचा, थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. पाण्यावर वाकलेली माणसं माना वर करून बघायला लागली.

कात्रीनं त्याचं बोट हातात धरलं होतं. ती इकडंतिकडं बघत म्हणाली, "हळू बोला हो. कुणीतरी ऐकेल."