कंबरेएवढा कुत्रा

कोर्टात त्यांना सगळे टिपणीबाई म्हणत. तीस वर्षं लघुलेखन केलं, पण एक शब्द इकडचा तिकडे नाही. "मी असं म्हटलंच नव्हतं," हे वाक्य तर त्यांच्या नवऱ्याने लग्नानंतर दोन महिन्यांत कायमचं सोडून दिलं होतं, बिचारा!

निवृत्तीला वीस दिवस उरले आणि माशी शिंकली. पोस्टमनला कुत्रा चावल्याचा साधा खटला. "कुत्रा केवढा होता?" असं विचारल्यावर पोस्टमनने कंबरेशी हात धरला आणि म्हणाला, "एवढा!" आता हात काही कागदावर उमटत नाही. अशा वेळी वकिलाने तोंडाने सांगायचं असतं, "नोंद घ्या, कंबरेएवढा." पोस्टमनचे वकील चांगले मुरलेले, ज्येष्ठ, पण नेमके तेवढंच विसरले. बाईंनी हात डोळ्यांनी पाहिला होता. पण बोललं गेलं नाही ते लिहायचं नाही, हा कामाचा नियम. कागदावर राहिलं, "कुत्रा एवढा होता." पुढच्या तारखेला समोरचे वकील म्हणाले, "एवढंसं पिल्लू होतं हो ते!"

ज्येष्ठ वकील चूक कबूल करतील तर शपथ! त्यांनी सरळ तक्रार ठोकली: मी 'कंबरेएवढा' म्हणालो होतो, बाईंनी गाळलं. चोराच्या उलट्या बोंबा! बाईंना रडूच आलं. तीस वर्षांच्या नावाला जाता जाता काळिमा?

न्यायाधीश म्हणाले, "त्या दिवशीची मूळ वही आणा, बाई. अक्षर न् अक्षर वाचा."

"साहेब, वकील आपसात कुजबुजतात ते आम्ही टाइप करत नाही. वहीत मात्र असतं. तेही वाचू?"

"सगळं वाचा!" ज्येष्ठ वकीलच तावातावाने म्हणाले. "होऊनच जाऊ द्या सोक्षमोक्ष!"

बाईंनी चष्मा पुसला आणि वाचलं, "साक्षीदार: एवढा! वकील, सहकाऱ्याला: चल, उरक लवकर. साहेब पेंगतायत. जागे झाले की पुन्हा पहिल्यापासून विचारत बसतील."

वकिलांचा चेहरा पांढराफटक पडला, न्यायाधीशांचा लालबुंद.

"तक्रार फेटाळली," न्यायाधीश घाईघाईने म्हणाले. बाईंचा जीव भांड्यात पडला. मग न्यायाधीशांनी दोन बोटांची चिमूट करून दाखवली आणि आवाज खाली आणला. "आणि बाई, आजच्या नोंदीतून ते एवढं गाळा."

बाईंची पेन्सिल थांबली.

"तोंडाने सांगा, साहेब. एवढं म्हणजे केवढं?"